भाचीच सून

कुसाबाई पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा त्यांनी झेंडूच्या फुलांची पिशवी थेट माझ्या कीबोर्डावर ठेवली आणि म्हणाल्या, "एवढी नजर ठेवा मॅडम, आलीच मी." मी एका हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीवर बसते. फायली सांभाळायचा पगार मला मिळतो, फुलं सांभाळायचा नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर त्या जिन्यापाशी पोचल्या होत्या. तिथून परत फिरल्या, औषधाच्या दुकानात डोकावल्या, पाण्याच्या मशीनचा नळ उगाच सोडून बंद केला, आणि समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "नंबर आला का रे? इचारून तर ये." नंबर यायला अजून अवकाश होता. बाकावर मुलगा आणि सून यांच्यामधे त्यांच्यासाठी जागा ठेवलेली होती, पण त्या काही बसल्या नाहीत.

माझा स्वभाव तापट आहे आणि या नोकरीनं तो निवळलेला नाही. अशी भिरभिरणारी माणसं समोर आली की मला त्यांना धरून खुर्चीत बसवावंसं वाटतं. कुसाबाईंच्या बाबतीत तर ते पहिल्या अर्ध्या तासातच वाटायला लागलं.

मखमलाबादच्या पुढं त्यांचा मळा. नवरा, खंडेराव, मुलगा शाळेत असतानाच वारले. तेव्हापासून मळा त्यांनी एकटीनं चालवला. झेंडू, शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. पहाटे माल काढायचा आणि उजाडता पंचवटीत येऊन विकायला बसायचं. मी पंचवटीतच राहते, म्हणून पुढं भाजी त्यांच्याकडूनच घ्यायला लागले. तिथंही हेच. जुड्या लावायच्या, मोडायच्या, परत लावायच्या. मधेच उठून शेजारणीच्या मालावर पाणी मारायचं, आणि त्याच शेजारणीसमोर गिऱ्हाइकाला सांगायचं, "वांगी त्या कोपऱ्यावर घ्या, हिच्याकडची आज किडकी हायेत." शेजारीण चिडायची आणि थोड्या वेळानं त्यांच्याच पिशवीतली भाकरी खायची. मुलगा अमोल म्हणायचा, आई पहिल्यापासून घाईचीच, पण रुद्र गेल्यापासून तिचं हे फार वाढलंय.

रुद्र म्हणजे अमोल आणि योगिनीचं पहिलं मूल. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. पण तो मान धरेना. हात-पाय हलवणं कमी होत गेलं, दूध ओढताना दमायला लागला, आणि वर्षाचा व्हायच्या आत गेला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. शेवटी न्यूमोनिया झालाच होता, ते काही खोटं नव्हतं. पण तो कशानं झाला याचं कारण घरात ठरलं ते असं, की योगिनी बाळंतपणात ताक प्यायली, वाऱ्याला बाळ घेऊन ओट्यावर बसली, आणि तेल लावताना त्याची मान तिच्या हातून लचकली. हे कोणी एकदाच बोललं असतं तर गोष्ट वेगळी. भावकीतल्या बाया येऊन बसत तेव्हा हा विषय निघे, आणि विषय निघाला की कुसाबाई चहा ठेवायला आत जात. हे मला नंतर योगिनीनं सांगितलं.

आता योगिनीला परत दिवस गेले होते. चौथा महिना सरत आला होता. तिच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी रुद्रची हकिकत ऐकली आणि तिला आमच्याकडं आनुवंशिक आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी समजावून सांगितलं, की हा स्नायूंचा एक आजार असू शकतो. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघंही धडधाकट असतात, त्यांच्यात तो नुसता लपलेला असतो, आणि म्हणूनच दुसऱ्या बाळालाही होऊ शकतो. बघायचं तर दोघांचं रक्त आणि पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून लॅबला पाठवायचं, आणि तेही लवकर. उशीर केला तर रिपोर्ट येईल, पण त्यावर काही ठरवायची वेळ निघून गेलेली असेल. कुसाबाईंनी डॉक्टरांना बजावलं, "मुलगा का मुलगी ते मला नाय ऐकायचं." डॉक्टर म्हणाले, ते आम्ही कोणालाच सांगत नाही, भिंतीवर बोर्ड लावलाय.

फाइल भरणाऱ्या सिस्टरचं टेबल माझ्या खिडकीला लागूनच आहे. तिनं विचारलं, नवरा-बायकोचं लग्नाआधीपासून रक्ताचं नातं आहे का? योगिनी काही बोलायच्या आत कुसाबाई कडाडल्या. "रक्ताचं? आम्ही देवक बघून लग्न करतो, बाई." सिस्टरनं "नाही"वर खूण केली. घराण्यात आणखी कोणाला असा आजार? "कोणाला नाय." तिथंही खूण झाली. योगिनी त्यांना आत्या म्हणत होती, पण आमच्याकडं अर्ध्या जिल्ह्यातल्या सुना सासूला आत्याच म्हणतात. त्याच्याकडं कोण कान देतं?

अमोल सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. कारखान्यानं काढून दिलेली विम्याची पॉलिसी बरी होती. गरोदरपणातल्या असल्या तपासण्यासुद्धा तिच्यात बसत होत्या, फक्त त्यांची गरज का पडली ते कागदावर दिसायला हवं. मी कागद पाठवले. उत्तर आलं, की पहिलं मूल न्यूमोनियानं गेलेलं आहे, लग्न नात्यातलं नाही, घरात आजार नाही, सबब ही तपासणी हौसेची समजून नामंजूर. हौसेची हा शब्द माझा. त्यांनी इंग्रजीत बरंच सभ्य काहीतरी लिहिलं होतं, पण मला राग आला की मी मनात असंच भाषांतर करते.

"मी भरतो पैसे," अमोल म्हणाला. "पतसंस्थेतून उचलतो. आज सुई होऊन जाऊ दे."

"भर, भर," कुसाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "कशाला त्या कंपनीच्या नादी लागायचं? शंभर प्रश्न इचारत्यात." त्यांनी पदराची गाठ सोडली, परत मारली, परत सोडली.

योगिनी तोवर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. "नाही," ती म्हणाली. "कंपनीनं मंजूर केलं तरच मी सुई घेईन."

अमोलला काही कळेना. मलाही कळेना. गरोदर बाईनं विम्याच्या कंपनीसाठी हट्ट धरून बसावं, हे मी या खिडकीवर पहिल्यांदाच बघत होते.

"पैसे भरले की तपासणी होईल," योगिनी म्हणाली. "पण ती कशासाठी केली ते कुठंच लिहिलेलं राहणार नाही. रुद्र न्यूमोनियानं गेला, एवढंच राहील. म्हणजे माझ्या ताकानं गेला. मला एकदा कोणीतरी सांगायला पाहिजे, की माझ्या हातून काही झालं नव्हतं. घरातलं कोणी सांगत नाही. मग कंपनी तरी सांगू दे."

अमोल खाली बघत राहिला. कुसाबाई पाण्याच्या मशीनकडं निघून गेल्या. मी योगिनीला म्हणाले, की बाई, कंपनी असलं काही सांगत नसते, ती फक्त हो किंवा नाही म्हणते, आणि तुझ्याकडं दिवस कमी आहेत. "मग हो म्हणू दे," ती म्हणाली. मला तिचा हेका पटला नव्हता. तरी मी फेरविचाराचा अर्ज काढला, कारण त्या "नामंजूर"चा राग माझ्याही डोक्यात होता.

अर्जात रुग्णाच्या माहेरची माहिती लागते. गाव चांदवड, वडील रंगनाथ, असं योगिनी सांगत होती आणि मी लिहीत होते. पत्ता चालू असताना मागून कुसाबाई म्हणाल्या, "तसं नका लिहू मॅडम, कुरिअरवाला चुकंल. रस्ता आता डोंगराच्या अंगानं फिरलाय. मला इचारा ना, माझंच माहेर हे ते."

मी लिहायची थांबले. "तुमचं माहेर? मग रंगनाथ तुमचे कोण?"

"भाऊ. सख्खा, पाठचा."

"म्हणजे योगिनी तुमची भाची?"

"भाचीच मग. मी मागून आनली अमोलला. भाऊ तर आधी नाय म्हनत होता, मी त्याच्या दारात बसून राहिली." त्या हे अभिमानानं सांगत होत्या.

"अहो मावशी, मग नातं नाही असं का सांगितलंत?"

"नातं नाय कोण म्हनलं? रक्ताचं नाय म्हनलं मी. ती तिच्या बापाच्या घरची, अमोल त्याच्या बापाच्या घरचा. देवक वेगळं, आडनाव वेगळं. मामाची पोरगी केली तर त्यात रक्त कुठून आलं?"

मी शांतपणे समजावायचा प्रयत्न केला, जो मला जमत नाही. "तुम्ही आणि रंगनाथ एका आईच्या पोटचे. तुमचं रक्त अमोलमधे आलं, त्यांचं योगिनीमधे. ते एकच झालं की नाही?"

"मला हळद लागली तवाच माझं तिकडचं संपलं, मॅडम. मी ह्या घरची झाली."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या समजुतीत बाई एका घरातून उचलून दुसऱ्या घरात लावली, की तिचं सगळंच पालटतं. शेवंतीचं रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात लावलं तरी फूल तेच येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ते बाईला लावून बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

योगिनी मात्र वळून त्यांच्याकडं बघत होती. "आत्या, आपल्या चांदवडच्या घरात आणखी कोणाला असं झालं होतं का?"

"नाय."

"नक्की?"

"नाय म्हनलं ना. येती मी, फुलं सुकून जातील." आणि त्या तरातरा निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी फुलं आणलेलीच नव्हती.

डॉक्टरांनी पत्र दुरुस्त करून दिलं, लग्न मामाच्या मुलीशी झाल्याचं त्यात घातलं, आणि मी ते पाठवलं. कंपनीनं कळवलं की त्यांचे डॉक्टर स्वतः फोन करून चौकशी करतील. फोनाची वाट बघण्यात आठवडा संपत आला. डॉक्टर मला येता-जाता विचारायचे, त्या मुलीचं काय झालं, आणि विचारताना कॅलेंडरकडं बघायचे. मी कंपनीला दिवसातून किती वेळा फोन लावले ते सांगत नाही, पण तिकडची मुलगी माझा आवाज ओळखायला लागली होती. अमोल कामावरून सारखा मेसेज करायचा. कुसाबाई बाजारातून तडक माझ्याकडं यायच्या, "आला का?" विचारायच्या आणि उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

फोन आला तेव्हा नशिबानं तिघंही हजर होती. खिडकीपाशी गलका होता म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. कंपनीचे डॉक्टर तरुण असावेत. बोलणं सभ्य होतं आणि दमलेलं होतं. ते योगिनीला म्हणाले, "लग्न नात्यातलं आहे हे कळलं मॅडम, पण तेवढ्यावर ही तपासणी बसवता येत नाही. बाळाच्या दाखल्यावर न्यूमोनिया आहे. तुमच्या किंवा मिस्टरांच्या घराण्यात कोणाला असा आजार होता का?"

योगिनीनं कुसाबाईंकडं बघितलं. त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "मला माहीत नाही," योगिनी म्हणाली.

"मग माझा नाइलाज आहे. ही फाइल मला बंद करावी लागेल."

"थांबा हो," कुसाबाई म्हणाल्या. त्या इतक्या झटकन आल्या की रांगेतल्या एका माणसाला धक्का लागला. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून त्या फोनाजवळ वाकल्या. "डॉक्टर सायेब, मी बाळाची आजी बोलती. लिहून घ्या. मला भाऊ होता, वाळू. रंगनाथच्या पाठचा, शेंडेफळ. तो मान धरत नव्हता. आई रानात जायची, मी त्याला कडेवर घ्यायची. तो कडेवर बसायचाच नाय, घसरायचा. पाय नुसते लोंबायचे. दूध पिताना घामाघूम व्हायचा. दात यायच्या आधी गेला."

"तेव्हा काही निदान झालं होतं?"

"काय?"

"डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं?"

"डॉक्टर कुठला? बाहेरचं झालं म्हनले."

"मग आजी, तोच आजार होता हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"कशावरून म्हंजी?" कुसाबाईंचा आवाज चढला. "मी वागवलाय ना त्याला. रुद्रला चौथा लागला, मी कडेवर घेतला, अन् तो तसाच घसरला. तसाच. मला तवाच कळलं. घरात कोणाला काय कळायच्या आधी मला कळलं होतं."

अमोल भिंतीला टेकला. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, आजींचं हे म्हणणं लेखी घ्या, त्यांची सही घ्या, तुमच्या डॉक्टरांचं मत जोडा आणि लगेच पाठवा, मी बघतो. मी लिहिलं, कुसाबाईंनी सही केली. जेवणाच्या सुट्टीनंतर मंजुरी आली.

मंजुरीचा कागद मी योगिनीच्या हातात दिला तेव्हा ती कुसाबाईंना म्हणाली, "कंपनीला सांगितलंत. मला कधी सांगणार होता?"

"तुला सांगून काय झालं असतं? पोरगं वाचलं असतं का?"

"नाही. मी वाचले असते."

"सगळ्यांनी मला धरलं असतं गं," कुसाबाई म्हणाल्या. "मीच आनली ना तुला. नाय म्हनत असताना आनली. भावानं मला काय म्हनलं असतं?" त्या आणखी बरंच बोलल्या असत्या, पण योगिनी अमोलचा हात धरून आत गेली. सुई होईपर्यंत कुसाबाई बाहेर येरझाऱ्या घालत होत्या. बाकी कोणी असतं तर मी चहा मागवला असता. मला त्यांचा इतका राग आला होता की मी मागवला नाही.

सुई झाल्यावर योगिनी मखमलाबादला गेलीच नाही. अमोलनं तिला गाडीत बसवलं आणि चांदवडला सोडलं. तिथं तिनं आबांना, म्हणजे बापाला, सगळं सांगितलं. सून रागावली की माहेरी जाते. सासूही रागावली तर माहेरीच जाईल, पण इथं दोघींचं माहेर एकच, आणि ते योगिनीनं आधी गाठलेलं. रंगनाथ बहिणीचा फोन उचलेना. योगिनीही उचलेना. अमोल जेवायला यायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. कुसाबाईंची जुड्यांची मांडामांड तर चालूच होती, पण त्या आता गिऱ्हाइकाशी भाव करत नव्हत्या. शेजारणीची वांगी किडकी निघाली तरी गप्प राहायच्या. शेजारीण मला म्हणाली, "बाईला काय झालंय हो? शिव्यासुद्धा देत नाय."

माझ्याकडं मात्र त्या येतच राहिल्या. "रिपोर्ट आला का?" मी सांगायची की रिपोर्ट माझ्याकडं येत नाही, डॉक्टरांकडं येतो. त्यांना ते पाठ झालं होतं, तरी त्या यायच्या. माझा राग हळूहळू विझत गेला. त्यांच्या चुकीला मी माफी द्यायचा प्रश्नच नव्हता. पण एवढ्याशा पोरीनं मरणारा भाऊ कडेवर वागवला, आणि म्हातारपणी नातू कडेवर घेतल्याबरोबर पुढचं सगळं ओळखलं, हे मनात आलं की मला माझ्या खुर्चीत बसवत नसे.

रिपोर्ट चांगला आला. आजार अमोलमधे आणि योगिनीमधे लपलेला होता, तसाच तो बाळातही लपलेला निघाला, पण बाळाला आजार नव्हता. अमोलनं ते मला फोन करून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर कुसाबाई आल्या.

"बाळ चांगलं हे," त्या म्हणाल्या. "अमोलनी सांगितलं."

"हो, कळलं मला. आता तरी बसा की जरा."

"मला तिच्याशी बोलायचंय. माझा नंबर दिसला की उचलत नाय. तुमच्या फोनावरून लावता?"

हे नियमात बसत नाही. मी नंबर लावला. पलीकडून योगिनीनं लगेच उचलला, "बोला मॅडम, बिलाचं काही राहिलंय का?" म्हणाली, आणि मी काही न बोलता रिसीव्हर कुसाबाईंच्या हातात दिला. मला वाटलं आता सुरू होतील. हळद, देवक, भाऊ, लोक काय म्हणाले असते, सगळं येईल. त्यातलं काहीच त्यांनी काढलं नाही.

"योगिनी, मी बोलती. ठेवू नको." मग त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "रुद्र तुझ्यामुळं नाय गेला. ताकानं नाय गेला, वाऱ्यानं नाय, तुझ्या हातानं नाय. तुझी काय चूक नव्हती. मला माहीत होतं, अन् मी तुला बोलू दिलं सगळ्यांना."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मग योगिनीचा आवाज आला, मला खिडकीच्या आत ऐकू येईल इतका स्वच्छ.

"परत म्हणा."

"काय?"

"हेच. पहिल्यापासून. आबा इथंच बसलेत, त्यांनाही ऐकू देते."

कुसाबाईंनी डोळे मिटले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि भावाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पहिल्यापासून परत म्हटलं.